उजेडाच्या आठवड्याचा दवाखाना

गोड बोलणं झेडेकाया ओगवेनोच्या नशिबातच नव्हतं. सरोवराकाठच्या कोगुता गावात त्याला सगळे ‘भोंगा’ म्हणत. त्यानं काठावरून हाक मारली की दूर होडीतला माणूस दचकून हातातलं वल्हं सोडी. अशा माणसाला दवाखान्यानं, पुरुषांना औषधाला बोलावून आणायच्या कामावर ठेवलं, तेव्हा गाव पोट धरून हसलं. “हा बोलावणार? हा तर आलेल्यांना पळवून लावेल!”

पण पुरुष आले ते त्याच्याच हाकेनं. कारण ओगवेनो स्वतःच एचआयव्हीच्या गोळ्या घेणारा. एके काळी त्याला पोत्यासारखा होडीत घालून दवाखान्यात आणला होता, आणि भावांनी शवपेटीसाठी फळ्याही आणून ठेवल्या होत्या. बरा झाल्यावर त्यानं त्याच फळ्यांचं खुराडं ठोकलं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत सुटला. “ही माझी शवपेटी. हल्ली हिच्यात अंडी मिळतात.”

आता काठावरची रीत अशी. ओमेना ही बोटाएवढी मासळी दिव्याला भुलते, म्हणून ती धरायची काळोख्या रात्री. चांदणं पडलं की दिव्याला कोण विचारतो? मग होड्या वाळूवर आणि माणसं जाळी शिवत बसलेली. काळोखाच्या दिवसांत हीच माणसं रात्रभर पाण्यावर, दिवसभर मेल्यासारखी झोपलेली, नाहीतर मासळीमागे कुठल्या तरी बेटावर. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, नव्हतं ते फक्त दवाखान्याला. संगणक तारीख देई, ती नेमकी काळोखात पडे. माणूस उशिरा येई, सगळ्यांदेखत बोलणी खाई आणि पुन्हा त्या वाटेला जात नसे. चूक कुणाची आणि शिव्या कुणाला!

एके दिवशी ओगवेनोनं सिस्टर पर्पेच्युआच्या टेबलावर मूठ आपटली. “सिस्टर, तारखा जाऊ द्या चुलीत. दवाखाना चंद्रावर चालवा!”

“आणि रॉकेट तुझा बाप देणार का?” सिस्टरही त्याच काठची होती. पण तिला मुद्दा पटला.

तेव्हापासून उजेडाच्या, म्हणजे पौर्णिमेच्या आसपासच्या आठवड्यात खास पुरुषांचा दवाखाना भरू लागला. अंजिराच्या झाडाखाली बाकडी, पाळी झटपट, ओरडणं बंद (ओगवेनो सोडून), आणि पुढच्या उजेडापर्यंत पुरून उरतील इतक्या गोळ्या. संगणकातल्या तारखा मात्र तशाच राहिल्या. माणसं अंगानं भरू लागली. रक्त तपासलं की विषाणू पार दबलेला असे. ओगवेनो छाती काढून चाले, आणि तसं चालायचा हक्क त्यानं कमावला होता.

सगळ्यात उशिरा आला तो ओचुओधो, ओगवेनोचा जुना होडीसोबती. तो दूर उभा राहून बघायचा आणि निघून जायचा. शेवटी ओगवेनोनं त्याला जाळ्यांच्या ढिगाआड गाठलं.

“अरे लेका, तिथं काय मगर बसलीय?”

“मालकाला कळलं तर होडीवरून काढेल मला. डोर्कासशिवाय घरात कुणाला माहीत नाही.”

“माझा आवाज मोठा आहे, तोंड नाही. झाडाखाली ताप-खोकल्याचेही बसतात, कुणाला कळणार नाही. शब्द देतो.”

त्या शब्दावर तो आला. बायको डोर्कास त्याच्या गोळ्या मिठाच्या बरणीमागे ठेवू लागली. वर्ष सरायच्या आत ओचुओधो पुन्हा एकटा जाळं ओढू लागला.

मग पैसे देणाऱ्या संस्थेनं, कार्यक्रमाचा काही उपयोग होतो का हे पारखायला माणसं पाठवली. नैरोबीहून मॅडम वान्जेरी आल्या. बाई सज्जन होत्या, अभ्यासू होत्या. आल्या मात्र ऐन काळोखाच्या दिवसांत. झाडाखाली बाकड्यांवर कोंबड्या बसलेल्या.

“पुरुष कुठे आहेत?”

“झोपलेत,” ओगवेनो म्हणाला.

“भर दुपारी?”

“रात्री तुम्ही झोपला होतात ना, तेव्हा ते मासे धरत होते.”

“म्हणजे दिलेल्या तारखेला येत नाहीत.”

“उजेडाला येतात. पुढच्या आठवड्यात या, तुम्हाला उभं राहायला जागा मिळायची नाही!”

“माझं परतीचं तिकीट उद्याचं आहे.”

“मग चंद्राला निरोप धाडू का, लवकर ये म्हणून?”

“कृपया आवाज खाली घ्या.”

सिस्टर मध्ये पडली. “मॅडम, निदान रक्ताचे अहवाल तरी बघा. माणसं बरी आहेत.”

“ते आमच्या पाहणीत येत नाही. आम्ही तारखेची हजेरी बघतो.”

ओगवेनोच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माणूस जगला की मेला हे बघायचं नाही, तारखेला बाकड्यावर बसला होता का एवढंच बघायचं! असल्या उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांच्या हाती गावाचा जीव. तो इतका ओरडला की मॅडम बॅग उचलून निघून गेल्या. अहवाल आला: बहुतेक पुरुष उपचारातून गळाले, कार्यक्रम निष्फळ. उजेडाचा दवाखाना बंद झाला. त्याऐवजी गळालेल्यांना घरोघर जाऊन शोधायचं ठरलं.

शोधायला शहरातली दोघं आली. मोटारसायकल, अंगात भडक जाकिटं आणि पाठीवर या आजाराची लाल फीत, आंधळ्यालाही दिसेल एवढी. ओचुओधोचं घर सापडेना, म्हणून काठावर जो पहिला भेटला त्याला विचारलं, “ओचुओधो कुठे राहतो? औषधाला आला नाही तो.” भेटला तो ओचुओधोच्याच होडीचा मालक. त्यानं बोटानं घर दाखवलं आणि दोघांनी ‘सापडला’ अशी नोंद केली.

ओचुओधो घरात झोपला होता. दवाखाना बंद व्हायच्या आधी, शेवटच्या उजेडात नेलेल्या गोळ्या अजून बरणीमागे होत्या. तो संध्याकाळी होडीवर गेला, तेव्हा त्याच्या जागी दुसरा बसलेला होता. कालपर्यंत त्याच्याच ताटातली मक्याच्या पिठाची उगाली खाणारे सोबती पाण्याकडे बघत राहिले.

तो सरळ ओगवेनोच्या दारात आला.

“तू शब्द दिला होतास,” एवढंच म्हणाला.

चोर सोडून संन्याशाला सुळी, आणि सुळापर्यंत नेणारा जणू ओगवेनोच. दुसऱ्या दिवशी ओचुओधो कुठल्याशा होडीतून निघून गेला. गोळ्या घरीच राहिल्या. ओगवेनो बेटामागून बेट पालथं घालत राहिला. कुणी म्हणे युगांडाकडे गेला, कुणी म्हणे खूप वाळला होता.

पुढच्या वर्षी मॅडम वान्जेरी पुन्हा आल्या. या वेळी मांडव, खुर्च्या, सोडा. मॅडमचा चेहरा खुलला होता. “अभिनंदन! गळालेल्यांपैकी जवळजवळ सगळे पुरुष सापडले. हा नवा मार्ग आता इतर गावांतही नेणार आहोत.” टाळ्या पडल्या. मग त्या म्हणाल्या, “बाबा ओगवेनो, तुम्हीही दोन शब्द बोला.”

ओगवेनो उठला. सिस्टरनं त्याची बाही ओढली, ती त्यानं सोडवून घेतली.

“ओचुओधोचं काय लिहिलंय तुमच्या अहवालात?”

त्याचं नाव काठावर आता कुणापासून लपलेलं नव्हतं. मॅडमनी शेजारच्या माणसाकडे पाहिलं. त्यानं संगणकात पाहून मान डोलावली. “घरभेट झाली आहे. सापडला.”

“सापडला ना?” ओगवेनोचा आवाज मांडवाबाहेर पार पाण्यापर्यंत गेला. “मग सांगा, कुठं आहे तो? सांगा ना! डोर्कास तिकडं गोळ्या घेऊन उभी आहे, तिला होडीत घालतो आणि आत्ताच्या आत्ता निघतो!”