भन्तेंच्या आधीचा नाश्ता

आईची आणि माझी बँकॉकची सहल मी बुक केली ती उल्हासनगर कॅम्प ४ मधल्या एका एजंटाकडे. त्याच्या गाळ्यात पुढे टूरचं टेबल आणि मागे जीन्स शिवणारी चार मशीनं, त्यामुळे "पासपोर्ट दिखाओ" एवढं सांगायला त्याला तीनदा ओरडावं लागलं. शुक्रवारी रात्री जायचं, रविवारी संध्याकाळी परत. बदलापूरच्या ऑफिसात साहेबांकडे रजा मागायची म्हटली की मी आठवडाभर नुसता अर्जच खोडत बसते, तेव्हा शनिवार-रविवार बसतोय एवढंच मी बघितलं. तारीख बघितलीच नाही.

तारीख आईने बघितली. अंबरनाथला, बुवापाड्यातल्या आमच्या घरी, तिकिटाचा कागद हात लांब करून तिने वाचला आणि शांतपणे म्हणाली, "रविवारी तुझ्या पप्पांचं पुण्यानुमोदन आहे."

पप्पांना जाऊन तीन वर्षं झाली. दरवर्षी त्या दिवशी घरी भन्ते येतात, बाराच्या आत त्यांना जेवण वाढायचं, ते जेवले की मग नातेवाईक, आणि सगळ्यांत शेवटी आपण. त्या दिवसाचा बाजारहाट मीच करते. आणि मीच तारीख विसरले. इतकी लाज वाटली की तशीच तिकीट रद्द करायला निघाले.

"राहू दे," आई म्हणाली. "बौद्धांचा देश आहे ना तो? तिथे भन्तेंना काय तोटा? तिथेच भोजनदान करू."

आणि तिने लोणच्याच्या जुन्या बरणीत सुक्या जवळ्याची चटणी भरली. पप्पांचा जीव होता त्या चटणीवर. पप्पांना भूक आणि धीर या दोन गोष्टी एकत्र कधी जमल्या नाहीत. आजीच्या पुण्यानुमोदनाला भन्ते गल्लीच्या तोंडाशी पोचायचे आणि पप्पा स्वयंपाकघरात दाराआड उभे राहून भाकरीवर चटणी घेऊन खात असायचे. आई दरवर्षी पकडायची, दरवर्षी चिडायची, आणि मिशीला लागलेला जवळा पुसायला दरवर्षी पदरही तीच द्यायची.

बँकॉकला शनिवारी सकाळी उतरलो. दुपारी जेवायला काय? डाळ, बटाट्याची भाजी, पापड. एजंट आमच्याबरोबरच आला होता. छाती फुगवून म्हणाला, "माताजी, यहाँ भी बिलकुल घर जैसा खाना."

"घरचंच खायचं होतं तर विमानात कशाला बसवलंस बाबा?" आईने त्याला मराठीतच विचारलं. तो कॅम्पातला माणूस, मराठी पुरेपूर समजतं, पण हसून त्याने तिच्या ताटात आणखी एक पापड ठेवला.

संध्याकाळी त्याने खरा बॉम्ब टाकला. रविवारी सकाळी दहाला विहारात जायचं ठरलं होतं, ते रद्द. मॉलमध्ये सेल लागला होता आणि आम्हा दोघींना न विचारताच ग्रुपने एकमताने सेलला कौल दिला होता. आईने पर्समधली बरणी चाचपली.

"मी बघते," मी म्हटलं. मला काहीच दिसत नसतं तेव्हा मी हे वाक्य फार ठामपणे म्हणते.

रात्रीच्या डाळीला दांडी मारून आम्ही दोघी रस्त्यावर उतरलो. आणि आईला पंख फुटले. एका गाडीवर तळलेले नाकतोडे रचून ठेवले होते. मी तोंड फिरवलं. आईचं माहेर वांगणीकडचं, भातशेतीतलं, तिने वाकून निरखून पाहिलं. "हे आमच्या भातावर पडायचे. आम्ही नुसते हाकलत बसायचो, ह्यांनी बघ, पीकही वाचवलं आणि चकणाही केला." चकणा हा शब्द तिला कुठून माहीत, हे मी विचारलं नाही. पुढच्या गाडीवर एक बाई खलबत्त्यात कच्ची पपई कुटत होती. तिने वरून मूठभर सुका जवळा टाकल्याबरोबर आई जवळजवळ किंचाळली, "अगं, आपला जवळा!" मग त्या बाईच्या हातातून बत्ता घेऊन तिने स्वतःच दोन घाव घातले. त्या बाईला मराठी येत नव्हतं आणि आईला थाई, तरी मिरची जास्त की कमी यावर दोघींचं चांगलं पाच मिनिटं वाजलं.

मग दिव्यांच्या झगमगाटाची, बारची गल्ली. मला वाटलं, आईला इथून झटकन पुढे न्यावं. ती प्लास्टिकच्या स्टुलावर ठाण मांडून बसली आणि शहाळं पीत राहिली. गाणी अशी की छातीत दणके बसत होते.

"त्रास होतोय का गं?" मी ओरडून विचारलं.

"कसला? आपल्याकडे हळदीला डीजे लागतो त्याच्या निम्मापण आवाज नाही." मग बारच्या दारात उभ्या असलेल्या मुलींकडे बघून म्हणाली, "टाचा बघ केवढ्या उंच. घरी जाऊन गरम पाण्यात पाय बुडवतात की नाही कोण जाणे."

त्या रात्री ती इतकी हसली की रविवारचं मी पुन्हा विसरले. ती विसरली नव्हती. झोपताना बरणी उशाशी ठेवून तिने विचारलं, "बघणार आहेस ना?" मी डोळे मिटूनच हो म्हटलं.

आमच्याकडे नळाला पाणी पहाटे साडेचारला येतं. गेली चाळीस वर्षं आई त्या वेळेला उठते, मग पाणी येवो न येवो. बँकॉकचं घड्याळ दीड तास पुढे, म्हणजे ठीक सहा वाजता तिने मला हलवलं. "उठ. भूक लागलीय."

बाजाराच्या तोंडाशी एका टेबलावर नाश्त्याची पार्सलं मांडलेली. गरम भात, पिशवीत बांधलेली आमटी, पाण्याची छोटी बाटली आणि वर चक्क एक फूल. "बघ, नाश्त्याबरोबर फूल देतात! आपल्याकडे वडापावबरोबर कागद धड देत नाहीत," मी म्हटलं. विकणारी बाई आमच्याकडे जरा विचित्र नजरेने बघत होती, पण परदेशात सगळेच तसं बघतात. आम्ही पायरीवर बसलो. आईने फूल केसांत खोवलं आणि भात कालवला.

अर्धा भात संपला असेल, तोच समोरून भन्ते आले. अनवाणी, एकामागे एक, हातात भिक्षापात्र. रस्त्यावरच्या बायका गुडघ्यांवर बसल्या आणि त्यांनी भन्तेंच्या पात्रात ठेवलं काय, तर तोच भात, तीच आमटी, तेच फूल.

आईचा हात भातातच राहिला.

"अगं बाई," ती हळूच म्हणाली, "आपण दान खाऊन बसलो."

जन्मभर भोजनदान करणारी माणसं आम्ही, आणि समोर दान मांडून ठेवलेलं आम्हाला कळू नये! मी टेबलाकडे धावले. टेबल रिकामं. बाई हातानेच संपलं म्हणाली. मागे वळले तर रांगेतले शेवटचे भन्ते आमच्या पायरीसमोर येत होते. उष्टं कसं देणार? मला रडूच फुटायला आलं. आधी तारीख घालवली, आता दानही.

आईने हात धुतले. केसांतलं फूल काढून खाली ठेवलं, पर्समधून बरणी काढली आणि गुडघे दुखतात हे विसरून रस्त्यावर टेकली. चटणीची बरणी भन्तेंच्या पात्रात गेली. त्यांनी बरणीकडे बघितलं, मग आईकडे. आणि ते पालीत म्हणू लागले. दरवर्षी बुवापाड्यातल्या आमच्या खोलीत जेवणानंतर म्हणतात, तेच. चाल वेगळी, शब्द तेच. दोन दिवस या शहरात एक अक्षर न कळलेली माझी आई हात जोडून ओठ हलवत होती, आणि शेवटी तिने "साधु, साधु, साधु" इतक्या मोठ्याने म्हटलं की भन्ते आधी दचकले आणि मग हसले.

ते गेल्यावर आई पायरीवर येऊन बसली आणि तो अर्धवट भात तिने पुन्हा मांडीवर ओढला.

"अगं आई, ते दानाचं आहे. भन्तेंच्या आधी खाल्लंय आपण," मी म्हटलं.

"मग?" तिने घास माझ्यापुढे धरला. डोळे भरले होते, पण हसत होती. "तीन वर्षं झाली, आपल्या घरात भन्तेंच्या आधी कोणी खाल्लंच नव्हतं. खा."