उंबऱ्यावरचं गोणपाट

आमच्या स्रेतेनने पाद्रीबाबांनाही सोडलं नाही. जानेवारीत ते पवित्र पाणी शिंपडत घरोघर फिरतात, आधी माणसांवर, मग जनावरांवर. स्रेतेन डुकरांच्या खोपटाच्या दारात आडवा उभा राहिला. दाराशी पत्र्याचं पसरट तबक, त्यात जंतुनाशक औषधाच्या पाण्याने भिजवलेलं गोणपाट.

"बाबा, आधी बूट."

"अरे, मी देवाचं पाणी घेऊन आलोय!"

"देवाचं पाणी खुशाल आत जाऊ दे. तुमचे बूट सकाळपासून अख्ख्या गावाच्या अंगणांतून फिरलेत."

पाद्रीबाबा मुकाट गोणपाटावर उभे राहिले. वर त्याने त्यांना झगासुद्धा उचलून धरायला लावला. मी कुंपणाला टेकून पोट धरून हसत होतो. आमच्या दोन अंगणांमधलं कुंपण कमरेएवढं आहे, त्यामुळे त्याच्या घरातलं मला कळत नाही असं फार थोडं आहे.

स्रेतेन साखर कारखान्यात फिटर होता. निवृत्त झाल्यावर आम्ही बाकीचे गुत्त्यात बसू लागलो, हा डुकरांत बसू लागला. सगळ्या गावाने पांढरी, झटपट वाढणारी डुकरं आणली तेव्हाही याच्या बापाने कुरळ्या केसांची मांगुलित्सा जात सोडली नव्हती. याने तर तिचं वेडच घेतलं. त्याची लाडकी मादी ग्रोफित्सा, म्हणजे सरदारीण. प्रदर्शनाला तिला घेऊन निघाला की लोकांना करमणूक. बादली घरची, ब्रश घरचा, पिण्याचं पाणीसुद्धा घरचं. कुणी कुरवाळायला हात पुढे केला की हा म्हणायचा, "लांबूनच बघा, बाई लाजतात." परत आल्यावर बाईंचा मुक्काम अंगणाच्या टोकाला, वेगळ्या खोपीत. बाकीच्यांचं सगळं आवरल्यावर हा शेवटी तिच्याकडे जायचा, म्हणजे प्रदर्शनातलं काही तिने आणलंच असेल तर ते इतरांपर्यंत पोचू नये.

नदीपलीकडे डुकरांची मरी आल्याची बातमी आली, तेव्हापासून त्याने गुत्त्यात अधूनमधून येणंही बंद केलं. मरी पसरवणाऱ्या रानडुकरांमागे फिरणारे शिकारी तिथे बसतात म्हणून. ही मरी माणसाला काही करत नाही, पण डुकराला तिच्यावर औषध नाही. मी त्याला भित्रा म्हणालो. तो म्हणाला, "हो, आहे."

फेब्रुवारीच्या प्रदर्शनासाठी सरदारणीची शिकवणी चालू होती. काठीचा जमिनीवर हलका ठोका दिला की तिने इकडेतिकडे न बघता त्याच्या बाजूने चालायचं. खोपटातून निघताना पुढचे दोन्ही पाय गोणपाटावर ठेवून थांबायचं, आणि तो "चला, बाईसाहेब" म्हणाला की मगच हलायचं. हे त्याने आपल्या हौसेने शिकवलं होतं. त्याची बायको ल्युबिंका चिडवायची, "माझ्यासाठी कधी असा दार धरून उभा राहिलायस?"

"तू कधी मी सांगेपर्यंत थांबलीयस?"

मग एका रविवारी बोश्को आला. बोश्को म्हणजे स्रेतेनचा कूम, लग्नातला साक्षीदार, मुलाला बाप्तिस्म्याच्या वेळी हातात धरणारा. असं नातं आमच्याकडे सख्ख्या भावाच्या वर असतं. त्याच्या हातात पांढऱ्या फडक्याने झाकलेली थाळी. डुक्कर कापलं की जवळच्या घरांत थाळी जाते: सॉसेज, तळलेली चरबी, रक्त भरलेलं आतडं. कूमाची थाळी परत पाठवणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकणं.

स्रेतेनने त्यालाही फाटकाशी टाकलेल्या दुसऱ्या गोणपाटावर उभं केलं. बोश्को म्हणाला, "खाऊन सांग, लसूण जास्त पडलाय का?"

दोघं नवराबायको जेवले. सॉसेजच्या साली स्रेतेनने स्वतः चुलीत घातल्या. कोपरापर्यंत हात धुतले, कपडे बदलले आणि मगच खोपटाकडे गेला. ल्युबिंकाने थाळी लगेच घासायला घेतली. कूमाची थाळी खरकटी राहू द्यायची नाही, रिकामीही धाडायची नाही, म्हणून तिने तीत अक्रोडाची पोळी ठेवली. आणि थाळीचं पहिलं कोमट पाणी सवयीने डुकरांच्या जवाच्या भरड्याच्या बादलीत ओतलं. तिची सासूही तेच करायची. आमच्या गल्लीत सगळ्याच बायका तेच करतात. खरकटं घालायचं नाही हे स्रेतेनने तिला शंभरदा बजावलं होतं. पण ते खरकटं नव्हतंच, ते पाणी होतं.

पुढच्या आठवड्यात एका तरण्या मादीने खाणं सोडलं. दुसऱ्या सकाळी तिचे कान निळे पडले होते. दुसरा कुणी असता तर गुपचूप कापून मोकळा झाला असता. स्रेतेनने स्वतः जनावरांच्या सरकारी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. तपासणीत मरीच निघाली तेव्हा फाटकाला आत-बाहेर बंदीची पट्टी लागली, आणि मलाही माझ्या अंगणातच राहायला सांगितलं.

"काका, खरकटं घालता का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"जन्मात नाही."

"बाहेरचं मांस घरात आलं होतं?"

पट्टीपलीकडे रस्त्यावर उभा असलेला बोश्कोच रडवेल्या आवाजात ओरडला, "माझ्या मेव्हण्याकडचं होतं! नदीपलीकडचं! त्याच्या डुकराने खाणं सोडलं होतं, म्हटलं मरण्याआधी कापू... मला काय ठाऊक, कूम!"

"पण आम्ही कणभरही बाहेर नेलं नाही," स्रेतेन म्हणाला.

ल्युबिंका ॲप्रनमध्ये हात गुंडाळून उभी होती. "मी थाळी धुतली," ती म्हणाली. "पाणी बादलीत ओतलं." स्रेतेनने तिच्याकडे पाहिलं आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. मला तर तो हात बघवेना.

पांढऱ्या कपड्यांतली माणसं आली; मरी निघाली की धड डुकरंही मारावी लागतात. एकेक करून खोपट रिकामं झालं. शेवटी सरदारीण. ती दोन अनोळखी माणसांना बघून कोपऱ्यात अंग चोरून बसली, आणि एवढं मोठं धूड काही केल्या उठेना.

"ही तर अजून खातेय," स्रेतेन म्हणाला.

"काका, आज खातेय." डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुम्ही बाहेर काढाल का? आम्ही काढलं तर घाबरेल."

तो काठी घेऊन आत गेला. ठोका ऐकू आला. सरदारीण उठली आणि मान न वळवता, प्रदर्शनात चालावं तशी त्याच्या बाजूने चालत आली. माझ्या डोळ्यांपुढे सगळं धूसर झालं. मोठ्याने शिवी द्यावीशी वाटत होती, पण कुणाला देणार?

दाराशी तिने पुढचे दोन्ही पाय गोणपाटावर ठेवले आणि थांबली. औषधाचं पाणी तिच्या खुरांभोवती चढलं. ती मान वर करून त्याच्या शब्दाची वाट बघू लागली.

स्रेतेनचे ओठ हलले, आवाज फुटला नाही. त्याने पुन्हा प्रयत्न केला. पांढऱ्या कपड्यांतली माणसं तशीच उभी. सरदारीणही तशीच उभी, शिकवल्यासारखी.

मग ल्युबिंका पुढे झाली. आधी तिने आपले बूट त्याच गोणपाटावर टेकवले, सरदारणीच्या शेजारी.

"चला, बाईसाहेब," ती म्हणाली.