तिघींचा वर्ग

"इतर परिस्थिती कायम धरा," असं म्हणत आमचे सर डावा हात हवेत दाबायचे, दंगेखोर पोरांना खाली बसवावं तसा. त्याशिवाय अर्थशास्त्राचं एकही विधान पुढे सरकत नसे. एसटी कधी येईल विचारलं, तरी आधी तेच. असा एखादा मास्तर तुम्हालाही भेटला असेल.

अहेरीच्या कॉलेजात ते तासिकांवर शिकवत. नेमणूक दर वर्षी नवी. विषयाला विद्यार्थी उरले नाहीत की सरांचं कामही संपणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. शेवटच्या वर्षाला आम्ही तिघीच, आणि खालच्या वर्षांना अर्थशास्त्र घेणारं कोणीच नाही. उन्हाळ्यात सर गावोगाव फिरून "प्रवेश घ्या" म्हणून विनवायचे. लोक चहा पाजायचे आणि पोरांना पोलीस भरतीला धाडायचे.

एकदा त्यांनी रोखता सापळा शिकवायला घेतला.

"सापळ्यात काय सापडते?"

"रानडुक्कर, सर," धानोऱ्याची मनीषा ठामपणे म्हणाली. आम्ही दोघी फिदीफिदी हसलो. सर मात्र खूश.

"बरोबर! आता खड्ड्यात पडलेल्या डुकराले वरून दाना टाकला, तं थे बाहेर येते काय?"

"नाई."

"तसंच मंदीत नुसता पैसा ओतून होत नाई. व्याजदर आधीच तळाले गेला, लोक पैसा धरून बसले. मंग सरकारले सोता खर्च करा लागते."

पुस्तकात चारदा वाचून न कळलेलं मला त्या दिवशी कळलं.

परीक्षा जवळ आली तेव्हा मनीषानं डोकं चालवलं. "सर, आमी तिघी नापास होतो. म्हंजे वर्ग राह्यते, तुमी बी राह्यता."

सर असे खेकसले की शेजारच्या वर्गातली पोरं डोकावली. "मंग मी काऊन शिकवून राह्यलो?" त्यांनी खडू उचलला आणि पुढची आकृती काढायला घेतली. त्यानंतर ते सुटीच्या दिवशीही आम्हाला बोलवायचे, चुकलेल्या आकृत्या पुन्हा पुन्हा काढून घ्यायचे. स्वतःच्याच पोटावर पाय देऊन इतकं जीव तोडून शिकवणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

निकालाच्या सकाळी सर पेढे घेऊन फाटकाशी उभे. तिघीही पास. मनीषाला रडूच फुटलं.

"काऊन रडून राह्यली वं? पह्यल्या वर्गात आली ना!"

त्याच दुपारी ते घरी, राजुऱ्याला निघाले. एसटी सुटली तसे खिडकीतून डोकं काढून ओरडले, "एम.ए.ले बी अर्थशास्त्रच घेजा बरं! वर्ग बंद नाई पडला पायजे."

त्यांचा सकाळीच बंद पडला होता.