पालथं ताट

बेळगुंदीच्या पलीकडे, डोंगरात बॉक्साइटची खाण होती. तिथल्या कामगारांसाठी माझ्या आक्काच्या आजेसासऱ्यांनी बांधलेलं लांबट, कौलारू बोर्डिंग अजून उभं आहे. खाण बंद पडली, कामगार गेले. आता कधीतरी कुणी जुनी इमारत म्हणून फोटो काढायला येतं. आक्का एकटीच राहते. मी बेळगावात शिकवते आणि रविवारी तिच्याकडे जाते. दर वेळी एक गोष्ट सांगायची असं ठरवून जाते आणि न सांगताच परत येते.

बोर्डिंगची एक रीत होती. स्वयंपाकघरातल्या फळीवर प्रत्येकाचं पितळी ताट उताणं ठेवलेलं असे. कुणी गावी निघाला, की जाताना आपलं ताट पालथं घालायचा. आक्का फळीकडे एकदा बघायची आणि उताणी ताटं असतील तेवढ्यांचे तांदूळ घ्यायची. दाजी, म्हणजे तिचे यजमान, खाणीवर मुकादम होते. त्यांचं ताट सगळ्यांत कडेला.

त्या सकाळी न्याहारी करताना दोघांची जुंपली. दाजींना संकेश्वरला बहिणीकडे जायचं होतं.

"जावा की! तिथंच ऱ्हावा कायमचं," आक्का म्हणाली.

"मग तुला भांडायला कोण गावणार गं?" दाजी हसत म्हणाले आणि बाहेर पडले.

मी सुट्टीला आले होते. त्यांचं ताट मी घासलं, पाणी निथळावं म्हणून फळीवर पालथं ठेवलं आणि पुस्तक घेऊन बसले. एवढंच.

दुपारी कामगार जेवायला आले.

"वैनी, मुकादम कुठं हाईत?" एकानं विचारलं.

आक्कानं फळीकडे हात केला. "गेलं बघा बहिणीकडं! तोंडानं सांगाय काय झालतं?"

सगळे हसले. मी मान वर केली नाही. पान उलटलं.

दुसऱ्या दिवशी संकेश्वरहून दाजींच्या बहिणीचा फोन आला, ते पोचलेच नव्हते. खाणीच्या जुन्या खड्ड्याची कड ढासळली होती, तिच्याखाली ते सापडले. संकेश्वरला निघताना वाटेत खड्डा बघायला वळले असतील, असं सगळ्यांनी धरलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की बराच वेळ जीव होता. त्यांना आणून पडवीत ठेवलं तेव्हा आतल्या फळीवरच्या त्यांच्या पालथ्या ताटावर माझी नजर गेली, आणि मला कळलं.

त्या संध्याकाळी कुणीतरी शोधायला गेलं असतं. माझ्यामुळे कुणी गेलं नाही. बारा वर्षं मी हे वाक्य मनात बोलते आहे.

गेल्या रविवारी जेवता जेवता मी सुरुवात केली. "आक्का, त्या दिवशी दाजींचं ताट..."

"व्हय," ती माझ्या पानात भात वाढत म्हणाली. "रागात का हुईना, ताट पालथं घालून गेलं. मला न सांगता गेलं न्हाईत. एवढ्यावर तर मी दिवस काढले, बाई."

तिच्याकडे आता तेवढंच उरलं होतं, आणि तेही माझ्याच हातून घडलेलं, खोटं.

जेवण झाल्यावर मी ताट धुतलं आणि फळीवर उताणं ठेवलं.

"अगं, वल्लं ताट उताणं काय ठेवतीस?" आक्का मागून म्हणाली. "पालथं घाल की. आता कोण हाय बघायला?"

मी ताट परत खाली घेतलं आणि पदरानं पुसत राहिले.