कॉफीच्या ग्राइंडरमध्ये येसर

वरची चकती खोलली आणि आतून येसराचा वास आला. धने, खोबरं, भाजलेली हरभरा डाळ, सगळं जेवणच नाकात आलं. मी सौम्याकडे बघितलं, तिने सासूबाईंकडे बघितलं आणि सासूबाई, महानंदाबाई, वरच्या पंख्याकडे बघायला लागल्या.

लातूरच्या एका मिक्सर-कुलरच्या शोरूममध्ये मी काम करतो. माल मागवायच्या आधी सॅम्पल पीस तपासायचा आणि पास की नापास ते मालकांना सांगायचं, एवढंच काम. या वेळी आलं होतं घरगुती इलेक्ट्रिक कॉफी ग्राइंडर. मालक म्हणाले, "काका, आपल्याकडं बिया आणून कॉफी कोन दळतंय? तरी बघा, कोनी सापडलं तर."

सापडली ती सौम्या. चिकमगळूरकडची मुलगी, उदगीरच्या कापड दुकानदाराच्या घरात दिलेली. असं मशीन मिळतं का म्हणून तिनेच शोरूमला फोन केला होता. मी सॅम्पल तिच्याकडे वापरायला ठेवून आलो. दुसऱ्याच दिवशी फोन. "काका, कॉफीला आमटीचा वास यायलाय." तशीच एसटी धरून उदगीरला गेलो.

आमच्याकडे लग्नकार्यात डाळी, धान्य आणि मसाला भाजून पीठ दळतात, त्याला येसर म्हणतात. त्याची आमटी होते. ते कॉफीच्या मशीनमध्ये कसं गेलं, हे महानंदाबाईंनीच सांगितलं.

"नवं जातं घरात आलं की पयलं येसर दळावं, शकुन असतोय. ही मठात गेल्ती. म्हनलं येईपर्यंत हळदकुंकू वाहून पयलं दळण काढावं. मी काय वाईट केलं का?"

वाईट काही केलं नव्हतं. जातंच होतं ते. मिक्सरमध्ये पातं असतं, ते बी तोडतं. काही भुगा होतो, काही तुकडे राहतात. या ग्राइंडरमध्ये दोन दातेरी चकत्या असतात. एक बसून राहते, दुसरी फिरते आणि मधल्या फटीतून एकसारखी पूड पडते. फट कमी-जास्त करायला बाहेर एक रिंग असते. अशा यंत्रात पहिलं दळण येसराचं काढावं, असं आमच्या मुलखाबाहेर कोणाला सुचलं नसतं.

"बिया किती हायत?" मी विचारलं.

सौम्याने डब्यातून कापडी पिशवी काढली. पाव किलो असतील. तिच्या वडिलांनी कॉफीची बाग विकली होती. गुडघे गेले, चढ-उतार होईना. आता ते बंगळुरात मुलाच्या फ्लॅटवर राहतात आणि पुडीतली झटपट कॉफी पितात. शेवटच्या तोडणीतल्या या बिया त्यांनी लेकीला पाठवल्या होत्या. अर्ध्या तिने मिक्सरमध्ये दळून पाहिल्या, कडूजहर पाणी झालं. मग हात आखडता घेतला आणि चांगलं मशीन मिळेपर्यंत चहावर दिवस काढले.

"ह्या संपल्या की आमच्या बागेच्या बिया पुन्हा न्हाईत, काका. एकदा तरी घरच्यासारखी व्हावी."

असं गिऱ्हाईक मला नको असतं. मशीन नापास झालं तर दुसरं येतं. बिया कुठून आणू?

चकत्या धुता येत नाहीत, पाण्याने गंज धरतो. ब्रशने झाडून काढल्या तरी खोबऱ्याचं तेल दातांत बसलेलं. मी म्हणालो, "मुरमुरे हायत का?" महानंदाबाई सुपलीभर घेऊन आल्या. बिनफोडणीचे मुरमुरे मऊ असतात, मोटरला जड जात नाहीत आणि तेल ओढून घेतात. पहिलं पीठ पिवळं पडलं. मग फिकं, मग पांढरं. दर वेळी महानंदाबाई चिमूटभर हुंगून बघत आणि मान हलवत. "हाय अजून. धन्याचा हाय." नाकाने त्या माझ्यापेक्षा कडक निघाल्या, कारण त्यांना चूक पुसायची होती. शेवटी म्हणाल्या, "गेला बघ, सौम्या. आता घाल."

तेवढ्यात मालकांचा फोन. "पास का नापास? एका शब्दात सांगा."

"जरा थांबा की."

"कॉफी पीत बसलात व्हय तिथं?"

"अजून न्हाई," म्हणालो आणि ठेवला.

सौम्याने चमचाभर बिया टाकल्या. मी रिंग मधोमध ठेवली होती. पूड जाड पडली, उकळतं पाणी तिच्या कॉफीच्या फिल्टरमधून धो धो खाली गेलं. रिंग दोन खाचा फिरवून पूड बारीक केली, तर थेंब पडेना. प्रत्येक चमच्याला पिशवीकडे बघणं नको वाटत होतं. तिसऱ्या वेळी एक खाच मागे घेतली आणि काळा अर्क टपटप पडायला लागला. उदगीरचा व्होल्टेज उतरलेला असूनही मोटर रडली नाही, हे मी मनात नोंदवलं.

सौम्याने दूध घातलं, साखर घातली, घोट घेतला.

"आमटी लागती का गं?" महानंदाबाईंनी घाबरत विचारलं.

"न्हाई, अत्ते. बरोबर झाली. आमच्या घरच्यासारखीच झाली." आणि डोळे पुसायला लागली. "अप्पा सकाळी दळायचे. त्या आवाजानं जाग यायची मला. अप्पांना आता तसला आवाज पण न्हाई."

"मग लाव की फोन," महानंदाबाई म्हणाल्या. "ऐकू दे त्यांना."

तिने फोन लावला, स्पीकर केला, कन्नडमध्ये काहीतरी सांगितलं आणि मूठभर बिया टाकून बटण दाबलं. फोन ग्राइंडरजवळ धरला. बिया कडकडल्या, मग सूर बारीक होत गेला. पलीकडे श्वास तेवढा ऐकू येत होता.

बिया संपल्या. चकत्या नुसत्या गरगरायला लागल्या. पलीकडून म्हातारा आवाज आला. "इन्नू स्वल्प, पुट्टी."

"अजून थोडं, पोरी, म्हणायलेत," महानंदाबाई हळूच मला म्हणाल्या. उदगीरच्या माणसाला तेवढं कन्नड येतंच.

सौम्याने पिशवीकडे बघितलं, पण हात घातला नाही. बटणावरचं बोटही काढलं नाही. बारीक खाचेवर मशीन रिकामं फिरवलं तर चकत्या घासतात, हे मी गिऱ्हाइकांना पाठ केल्यासारखं सांगतो. त्या दिवशी सांगवलं नाही. जन्म कॉफीत गेलेल्या माणसाला मशीन रिकामं फिरतंय हे कळलं नसेल, असं होणार नाही. तरी ते थांब म्हणाले नाहीत. तीही थांबली नाही.

परतीच्या एसटीत मला हैदराबादच्या माझ्या लेकीची फार आठवण आली. फोन लावला. ती ऑफिसात होती, "बाबा, नंतर करते," म्हणाली. ठीक आहे म्हणालो.

मालकांना सांगितलं, मशीन पास आहे. घरगुती वापराला उत्तम, पण लातुरात दोनाच्या वर मागवू नका.

"आणि सॅम्पल कुठाय?"

"रिकामं फिरलंय, चकत्या घासल्या. नवं म्हणून विकता यायचं न्हाई. उदगीरलाच ठेवून आलो."

"तुमच्यासमोर फिरलं? मग बंद का केलं न्हाई?"

"न्हाई केलं."

मालक कुलरच्या गिऱ्हाइकाकडे वळले. मागवलेल्या दोनातलं एक अजून शोकेसमध्ये धूळ खातंय. तेव्हापासून कोणाच्या घरी सॅम्पल ठेवलं की ते परत येईल असं मी धरून चालत नाही.