ठाण्यातील खोलीसाठी केलेला अर्ज

जव्हार संस्थानची हद्द ओलांडून इंग्रजी अमलात पाऊल टाकणे यास आमच्या काळी परमुलखास जाणे म्हणत. आमचा राजा निराळा, कचेरी निराळी, कागदावरील शिक्काही निराळा. मी जव्हारच्या कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहीत असे. शिक्षण मराठी चार इयत्तांपलीकडे गेले नाही. तथापि माझ्या अर्जाची मांडणी पाहून कारभाऱ्यांनी दोन वेळा मान हलविलेली मी स्वतः पाहिली आहे. त्याच लौकिकावर ठाण्याच्या एका वकिलांनी मला लेखनिक म्हणून बोलाविले, आणि दिवाळी होताच मी एकटा पुढे गेलो.

सासरे मोखाड्याचे. निघताना त्यांनी मला स्पष्ट बजाविले, "मुलीला मी स्वतः गाडीतून घेऊन येईन. तिथं बिऱ्हाड दिसलं तर उतरवीन, नाहीतर तीच गाडी मोखाड्यास वळवीन. मग न्यायला येऊ नका." ते बोलल्याप्रमाणे करणारे गृहस्थ होते. गाडी वाडा, भिवंडी करीत गुरुवारी पोहोचणार होती. मंगळवार उजाडला तरी मी वकिलांच्या ओटीवरच निजत होतो.

यात थोडा दोष आमच्या गावाचाही होता. जव्हारात घर भाड्याने घेण्याचा प्रघातच नव्हता. नवा कारकून आला की कोणीतरी आपली पडवी रिकामी करून देई, कारवीच्या कुडाला ताजे सारवण होई, आणि दिवेलागणीस शेजारून नागलीची भाकरी येई. ती भाकरी कोणाच्या घरची, हे विचारण्याचेही कारण पडत नसे. त्यामुळे जागा मागावी कशी, हे मला कोणी शिकविलेच नव्हते. ठाण्यात ज्या त्या ओट्यावरून एकच प्रश्न येई, "इथं तुम्हाला ओळखतं कोण?" मी जव्हारचे नाव सांगे. एक गृहस्थ म्हणाले, "तिकडे वाघसुद्धा भाडेकरू ठेवतात म्हणे?" आणि आतून बायकांचे हसणे ऐकू आले.

तळ्यापलीकडे एका विधवा बाईंच्या मागील दोन खोल्या रिकाम्या असल्याचे मंगळवारी कळले. आपल्याला जे उत्तम येते तेच करावे, असा विचार करून मी अर्ज लिहिला. अर्जदाराची हकिकत, सात कलमे, अखेरीस विनंती आणि खाली दोन साक्षीदारांच्या सह्यांसाठी जागा. आजही मी त्यातील एक शब्द बदलणार नाही.

बाईंना वाचता येत होते. त्यांनी चार ओळी वाचल्या, साक्षीदारांच्या जागेवर बोट ठेवले आणि म्हणाल्या, "दिरानं पाठवलं ना तुम्हाला? सांगा त्याला, मी घर सोडत नाही." दार बंद झाले. त्यांना घरातून काढण्यासाठी त्यांचा दीर सतत असेच कागद पाठवीत असे, हे मला शेजाऱ्यांकडून कळले.

बुधवारी मी पहिल्या अर्जाचा खुलासा करणारा दुसरा अर्ज लिहिला. तो नऊ कलमांचा झाला. तो घेऊन गेलो तेव्हा अंगणात एक माणूस म्हशीसाठी आणलेला गवताचा भारा उतरवीत होता. तो आमच्या जव्हारजवळच्या साखरशेतचा निघाला. गवताच्या वखारीत गठ्ठे बांधण्याच्या कामावर आला होता. मला पाहून त्याने घाम पुसला.

"दादा, तुमी इकडं कुठं?"

बाई दारात आल्या. "तू ओळखतोस यांना?"

"वळखतो की. आमचे जव्हारचे हायत. माझे घराला सागाचं आडं पायजे होतं, तवा यांनी अर्ज लिवला. येवढा लांब." त्याने हात पसरून दाखविले.

"मग मिळालं?"

"जंगलचे सायबानं अर्धा वाचला नि म्हनला, उद्या ये. मंग मी तोंडानं सांगलं, घर पडंल, लाकूड द्या. तवा मिळालं."

हे मी त्या दिवशी प्रथमच ऐकले. तो अर्ज माझ्या लेखणीने यशस्वी झाला, असे मी कित्येक वर्षे कचेरीबाहेर सांगत आलो होतो.

बाईंनी पदर तोंडाला लावला. "म्हणजे हे सगळ्यांनाच असं लिहितात?"

"सगळ्यांना. मानूस चांगला हाय, बाय. लिवायची खोड हाय, येवढंच."

"मग बोला," बाई मला म्हणाल्या, "तोंडानं."

दुसरा अर्ज माझ्या हातात होता. "अर्जदाराचे म्हणणे..." इतके बोलून मी थांबलो. लोकांच्या गरजा मी शेकडो वेळा मांडल्या होत्या, माझी स्वतःची कधी उच्चारली नव्हती. "खोली पाहिजे," मी म्हणालो. "उद्या कुटुंब येणार आहे. जागा नसली तर सासरे तिला परत नेतील, आणि मग पाठवणार नाहीत."

"एवढंच होतं? मग कालची सात कलमं कसली?" त्या किल्ली आणण्यास वळल्या. "खोल्या गोठ्याला लागून आहेत. वास येतो म्हणून कुरकुर करायची नाही. आणि माझ्या दिराचा कागद या घरात लिहायचा नाही."

"नाही लिहिणार."

त्या खोल्यांत आम्ही नऊ वर्षे काढली. पुढे जव्हारास परतलो, स्वतःचे घर बांधले. तरी म्हशीच्या साखळीचा आवाज ऐकत डोळा लागण्याचे ते सुख पुन्हा लाभले नाही.

साखरशेतकराने त्या बुधवारी दुपारी वखारीचे काम बुडविले आणि मजबरोबर जमीन सारविली. गुरुवारी उजाडताच गाडी आली. सासरे एकटेच उतरून आत आले, वाकून जमिनीला हात लावला. सारवण ओले होते.

"कालच मिळाली वाटतं," ते म्हणाले.

"होय, कालच."

त्यांनी माझ्या शेणाने माखलेल्या कोपरांकडे पाहिले. मग दारात जाऊन गाडीवानास म्हणाले, "बैल सोड."