बांधावरच्या एरंडाची पानं

आधीच सांगून ठेवतो, कुणी हसायचं नाही! डोकं अजून तापलेलंच आहे माझं.

गेली चार वर्षं मी अळ्या पाळतोय. शहाद्याजवळच्या आमच्या गावात! घरी कापूस. माझे वडील, आबा, शेतात अळ्या मारणार आणि मी मागच्या खोलीत त्यांना जेवू घालणार. गावानं मला काय काय म्हणून घेतलं असेल, तुम्हीच बघा!

पीएचडी चालू आहे हो! अळीच्या रक्तात एक हार्मोन असतं. ते तिला बजावत राहतं, 'लहानच राहा.' या हार्मोनला वाहून नेणारं एक प्रथिन असतं. त्या प्रथिनाचं जनुक कधी चालू होतं, कधी बंद होतं, एवढंच मला शोधायचंय.

तर या खेपेला कोष करायचा दिवस आला आणि एकही अळी मातीत शिरेना! नुसत्या खातायत, फुगतायत. आठ दिवस झाले तरी तेच!

मी तर नाचायचाच बाकी होतो. आमच्या तापीकाठच्या अळीत या जनुकाचा खटकाच निराळा, बंदच होत नाही! विभागाच्या ग्रुपवर टाकून मोकळा झालो: 'सोमवारी मोठा शोध मांडतोय.'

लगेच माझ्या गाईड मॅडमचा फोन. "पानं कुठली घालतोस?"

"आमच्याच बांधावरच्या एरंडाची, मॅडम!"

"फवारलेली नाहीत ना?"

हा काय प्रश्न झाला? मला विचारता? कीटकशास्त्रवाल्याला? असा राग आला! तरी ओट्यावर आबांकडे गेलो.

"आबा, बांधवरला एरंडवर फवारणी करी का?"

"करी ना. पांढरी माशीनं औषध मारं."

आणि औषध कोणतं? किड्याच्या पिल्लाला मोठंच होऊ न देणारं! माझ्या त्या हार्मोनची हुबेहूब नक्कल! पानांतून रोज मीच भरवत होतो.

मी असा उसळलो! चार वर्षांची मेहनत, सोमवारी सगळ्यांपुढे उभं राहायचंय, आणि हे?

"एरंडवर माराले कोन्ता गधडानी सांगं व्हतं?"

आबांनी शांतपणे बंडीच्या खिशातून चिठ्ठी काढली. 'पांढऱ्या माशीसाठी हेच औषध. बांधावरचा एरंडही सोडू नये.'

अक्षर माझं. खाली सहीही माझी, आणि सहीच्या आधी 'डॉ.' लावलेलं!

आबा चिठ्ठी घडी करून परत खिशात ठेवत म्हणाले, "आळ्या ऱ्हाऊ दे, भाऊ. तू कव्हा मोठा व्हशी?"